उलटे टांगलेले जोडे

मागच्या रविवारी आमच्या चंद्रपूरच्या घरात चपला-बुटांचा पसारा आवरायला काढला. काढला म्हणजे बायकोने काढला. मी दाराशी एका सँडलला अडखळलो आणि तेवढं निमित्त तिला पुरलं. घरात माणसं चार, पण बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की आत कीर्तन चालू आहे. मुलीने मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ लावला. त्यातली बाई गोड आवाजात सांगत होती की प्रत्येक वस्तू हातात घ्या आणि स्वतःच्या मनाला विचारा, हिची मला खरंच गरज आहे का. आम्ही विचारलं. चौघांच्याही मनांनी एकमुखाने सांगितलं की आहे. दोन तास बसून शेवटी एकच चप्पल बाहेर पडली, तीही एकाच पायाची, कारण तिची जोडीदारीण सापडेना.

तेव्हा मला चामोर्शीच्या बाई आठवल्या. त्या असत्या तर चहा निवायच्या आत निकाल लागला असता. मनाला विचारण्याच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत. त्या पायाला विचारायच्या.

मी मूळचा सांगलीकडचा. पशुधन पर्यवेक्षक म्हणून पहिली नेमणूक झाली ती थेट गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीला. आमच्या घरात तेव्हा रडारड झाली होती. तिथं बाईंच्या घरातली एक खोली मला भाड्याने मिळाली. बाई निवृत्त नर्स होत्या. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावांत काढली होती. अंगाने काटक, केस घट्ट बांधलेले, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाची म्हैससुद्धा वळून बघे. त्यांना सगळं गाव 'बाई' म्हणे, आणि त्यांच्या नवऱ्याला 'भाऊ'. बाई स्वतः मात्र नवऱ्याचा उल्लेख 'आमचा बुढा' असा करायच्या, तोही भाऊंच्या समोर. भाऊ नुसते हसायचे. हसण्यावाचून त्यांना त्या घरात फारसं काम उरलेलं नव्हतं.

मी राहायला आलो त्याच संध्याकाळी एका अडलेल्या गाईसाठी बोलावणं आलं. परत आलो तेव्हा गमबुटांची अवस्था सांगण्यासारखी नव्हती. मी ते दाराशी काढून ठेवले आणि झोपलो. सकाळी उठून पाहतो तर बूट नाहीत. पहिल्याच दिवशी चोरी! मी घाबऱ्याघुबऱ्या छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, आलो आणि तिथली भिंत बघून उभाच राहिलो.

छपरीच्या त्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या, आणि प्रत्येक खुंटीवर एकेक चप्पल किंवा बूट, तळवा आभाळाकडे करून, उलटा टांगलेला. माझे गमबूट धुऊन पुसून सगळ्यात शेवटच्या खुंट्यांवर चढले होते. खाली जमिनीवर पादत्राण म्हणून एक नव्हतं.

"डॉक्टर," बाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "तुमी ढोराचे डॉक्टर असा का माणसाचे, माह्या घरात जोडा खाल्ते ठेवाचा नाई. टांगला तं जोडा, खाल्ते पडला तं बीळ."

मी डॉक्टर नाही, पर्यवेक्षक आहे, हे मी त्यांना नम्रपणे सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पुढची चार वर्षं मला डॉक्टरच म्हटलं.

बिळाचं कारण मला नंतर कळलं. जंगलातल्या नोकरीत त्यांनी विंचू चावलेली, साप चावलेली माणसं पुष्कळ पाहिली होती. त्यातली काही सकाळी घाईघाईने बुटात पाय घालून चावून घेतलेली. तेव्हापासून जमिनीवर पडलेला जोडा दिसला की बाईंच्या अंगावर काटा यायचा. भिंतीवरून काढलेला जोडासुद्धा घालण्याआधी उंबऱ्यावर दोनदा आपटायचा, असा घरचा शिरस्ता होता. पहाटे त्या घरात कोंबड्याआधी जोडे आपटल्याचा आवाज यायचा.

मी एकदा धीर करून म्हणालो, "बाई, इतके दिवस झाले, माझ्या बुटातून मुंगीसुद्धा निघाली नाही."

"टांगले म्हनून नाई निघाली," बाई म्हणाल्या.

यावर काय बोलणार? तरी एकदा बेडूक निघाला होता. बाईंनी तो तीन दिवस सगळ्या शेजाऱ्यांना सांगितला.

दुसरा नियम होता संख्येचा. पाय दोन, जोडे तीन. एक रोजचा, एक पाण्यापावसाचा, एक लग्नाकार्याचा. चौथा घरात आला तर त्याच दिवशी एक बाहेर गेला पाहिजे. भाऊंनी एकदा भाच्याच्या लग्नात मिळालेली कोल्हापुरी कोठ्यात, म्हशीच्या गव्हाणीवरच्या फळीवर लपवून ठेवली. महिनाभर सुखात होते बिचारे. म्हैस घरची, तीही गप्प. पण एक दिवस बाई वैरण काढायला फळीकडे गेल्या. संध्याकाळी भाऊंच्या तीन जोड्यांपैकी लग्नाकार्याचा काळा जोडा शेजारच्या सुताराच्या पायांत होता आणि त्याच्या जागी कोल्हापुरी टांगलेली होती. भाऊ मला हळूच म्हणाले, "तो जोडा मले चावत नोता हो. हे चावते."

तुटलेली चप्पल सेफ्टी पिन लावून वापरणं बाईंना पाप वाटायचं. अंगठा तुटला की चप्पल त्यांच्याकडे जायची. एक वाकडी सुई आणि मेणाचा दोरा घेऊन त्या बसायच्या आणि जखमेला टाके घालावेत तसे एकसारखे टाके घालायच्या. टाके घालून झाले की चप्पल दोन दिवस खुंटीवर विश्रांतीला. "आजच घालू नका, टाका ताजा हाय," असं मला त्यांनी माझ्या स्लिपरबद्दल सांगितलेलं आहे.

झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव नाटकं असतात, आणि भाऊ नाटकांचे मोठे शौकीन. एकदा ते असेच शेजारच्या गावाहून नाटक पाहून सकाळी परतले ते भलत्याच कुणाच्या तरी चपला घालून. गर्दीत अदलाबदल झाली होती. आलेल्या चपला भाऊंच्या चपलांपेक्षा चांगल्या होत्या, त्यामुळे भाऊंचा चेहरा फारसा दुःखी नव्हता. बाईंनी त्या चपला बाहेरच्या कुंपणावर, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतील अशा टांगल्या. म्हणाल्या, "जिच्यात आपला पाय नाई मुरला ते आपली नाई." आठवड्याने एक माणूस सायकलवरून आला, कुंपणासमोर थांबला, आणि कुंपणावरच्या चपलांकडे व भाऊंकडे आळीपाळीने पाहायला लागला. त्याच्या पायांत भाऊंच्या चपला होत्या. बाईंनी दोघांना तिथंच बदलायला लावल्या आणि मग त्याला चहा पाजला.

शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे वेगळाच सोहळा. देवळाबाहेर चपलांचा नुसता खच पडलेला असतो. बाईंना तो पाहवत नसे. आम्ही दर्शनाला जायचो आणि त्या बाहेर बसून अनोळखी लोकांच्या चपलांच्या जोड्या लावायच्या. "तुम्ही चला ना आत," मी म्हणायचो. "देव काई पळून जात नाई, चप्पल पळते," त्या म्हणायच्या. लोक त्यांना देवस्थानने नेमलेल्या समजून हातावर पैसे ठेवायला बघत, आणि बाई त्यांची पाठ फिरेपर्यंत अशा पाहत की ठेवणाऱ्याला पुन्हा दर्शनाला जावंसं वाटे.

आता तिसरा नियम. हा सगळ्यात कडक, आणि सगळं रामायण याच्यापायी झालं.

वर्षभर ज्या जोड्यात पाय गेला नाही तो घरात राहायचा नाही. "आपन पाय नाई घातला तं दुसरं कोनी घालते," असं बाई म्हणत. दुसरं कोनी म्हणजे विंचू. याची तपासणी वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी व्हायची. आमच्याकडे बेंदूर असतो, त्यामुळे पोळा मला नवा होता आणि दुसऱ्या दिवशीची मारबत तर अगदीच नवी. पोळ्याला दारादारात पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत त्या उपटतात आणि गावाच्या शिवेबाहेर नेऊन ढीग करून पेटवतात, आणि सगळे मिळून ओरडतात की ईडा पीडा, माश्या मुरकुटं, घेऊन जा गे मारबत! घरातलं जे जे नको ते त्या दिवशी तिच्याबरोबर घालवायचं.

बाई त्या पहाटे सगळी भिंत रिकामी करायच्या. छपरीत पोतं अंथरून त्यावर जोडे मांडायच्या आणि एकेक उचलून मालकाला विचारायच्या, "घातला?" हो म्हटलं की "कवा?" तारीख नको, पण प्रसंग सांगावा लागे. प्रसंग पटला तर जोडा परत भिंतीवर. नाही पटला आणि जोडा धड असला तर गरजवंताला. धड नसला तर पोत्यात, आणि पोतं शिवेवर. भाऊ पोतं खांद्यावर घेऊन पुढे आणि बाई मागून मोठ्याने, "फाटके जोडे, तुटके जोडे, घेऊन जा गे मारबत!" गल्लीतल्या बायका त्यांना हसायच्या, पण हळूच आपल्या घरच्याही तुटक्या चपला त्यांच्या पोत्यात टाकायच्या.

भिंतीवर एक जोडा असा होता की ज्याचा मालक मी कधी पाहिला नव्हता. काळे, दोरीचे, जवळजवळ नवे बूट. शेजारच्या दोन जोड्यांच्या खुंट्या मोकळ्या. मला खुंट्या कमी पडत होत्या तरी बाईंनी त्या मला दिल्या नाहीत, नव्या ठोकून दिल्या. तो जोडा त्यांच्या मुलाचा होता. मी राहत होतो ती खोलीही त्याचीच.

ही गोष्ट मला भाऊंनी सांगितली, कोठ्यात, म्हैस दोहताना. मुलगा पोलीस भरतीच्या मागे होता. आमच्या या भागात पहाटे रस्त्याने पळणारी पोरं दिसली नाहीत असं गाव नाही. त्याने तेंदूपत्त्याच्या हंगामात राबून पळायचे बूट घेतले आणि दोन वर्षं पळाला. भरतीत अगदी थोडक्यात हुकला. घरी आला, बूट खुंटीला अडकवले आणि पळायचं सोडलं. कुणाशी धड बोलेना. वर्ष उलटलं. मी तिथं राहायला येण्याआधीच्या मारबतीच्या पहाटे तो झोपलेला होता. बाईंनी बूट खाली काढले, एका बाजूने उसवलेले पाहिले, आणि पोत्यात टाकले.

"मी म्हटलं, पोट्ट्याले उठवून इचार," भाऊ म्हणाले. "तं म्हनते, इचाराचं काय, मी रोज पाहून राह्यली, वर्षभर पाय नाई घातला त्यानं."

मुलगा उठला, रिकाम्या खुंट्या पाहिल्या आणि तसाच अनवाणी शिवेकडे धावला. तोपर्यंत लोकांनी ढीग पेटवून दिला होता. परत येऊन तो आईसमोर उभा राहिला. म्हणाला, पुढच्या भरतीला मी पळणार होतो. बाई म्हणाल्या, मग वर्षभर का नाही पळलास? तो एवढंच म्हणाला, "तुले फक्त जोडा दिसते." त्याच आठवड्यात तो गावातल्या पोरांबरोबर हैदराबादला गेला आणि तिथं एका मोठ्या इमारतीवर पहारेकरी म्हणून लागला. भाऊंना फोन करायचा. आईची चौकशी करायचा, पण आईशी बोलायचा नाही. आणि घरी यायचा नाही.

हे ऐकल्यावर मला बाईंचा राग आला होता. माणसापेक्षा नियम मोठा मानणारी माणसं मला तेव्हाही आवडत नसत, आताही आवडत नाहीत. त्या दिवशी मी त्यांच्याशी तुटकच बोललो. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी जेवताना मला जवसाची चटणी दोनदा वाढली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, पोळा तोंडावर आलेला असताना, बाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात ते काळे बूट.

"डॉक्टर, तुमचा पाय कितीचा?"

"आठ नंबर."

"मंग हे घाला. गुजरीतून कोथिंबीर आना."

गुजरी म्हणजे तिथला रोजचा भाजीबाजार. कोथिंबीर तर परसात होती. मी तसं म्हणालो.

"आना म्हटलं न," त्या म्हणाल्या. "चामड्याले हवा लागावी लागते." माझ्याकडे न बघता त्यांनी बूट उंबऱ्यावर दोनदा आपटले आणि माझ्या पायांसमोर ठेवले.

मी घातले. भर पावसाळ्यात, चिखलातून, लुंगीवर काळे चकचकीत बूट घालून मी कोथिंबीर आणायला गेलो. गुजरीतले लोक माझ्याकडे बघत होते. काय ही बाई, असं मनात म्हणत परत आलो. त्यांनी बूट पुसले, वास घेतला, उलटे टांगले.

मारबतीच्या पहाटे पोत्यावर जोडे मांडले गेले. एकेक करत बाई त्या काळ्या बुटांपर्यंत आल्या. भाऊ श्वास रोखून बघत होते. बाईंनी जोडा उचलला आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाल्या, "हा चालू हाय. डॉक्टर घालून गुजरीत गेलते." आणि तो भिंतीवर टांगला.

भाऊंनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मला एकदम इतकं भरून आलं की मी उगाच म्हशीकडे जाऊन तिची शिंगं तपासायला लागलो. या बाईला नियम मोडता येत नव्हता आणि तो जोडाही सोडवत नव्हता. नियम मोडला असता तर पोराचे पळायचे बूट तिने उगाचच जाळले असं झालं असतं.

तेव्हापासून ते माझं कामच झालं. महिन्यातून एकदा, कधी दोनदा, बाई बूट घेऊन यायच्या. कोथिंबीर, काडेपेटी, पोस्टाचं तिकीट, काहीही. कारण सुचलं नाही तर "जाऊन या जरासे" एवढंच. एकदा मी ते बूट घालून एका शेतावर वासरू पाहायला गेलो आणि शेणात पाय दिला. त्या दिवशी बाईंनी मला जे ऐकवलं ते माझ्या आईनेही कधी ऐकवलं नव्हतं. मग तासभर बसून बूट स्वच्छ केले. "किती दिवसानं येईन, कोन सांगते," त्या बुटाकडे बघत म्हणाल्या. मला म्हणाल्या की बुटाला, मी विचारलं नाही.

चार वर्षांनी माझी चंद्रपूरला बदली झाली. निघताना मी बाईंच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "जोडे टांगत जाजो." इतकंच. मी वळलो तेव्हा मात्र त्या भिंतीकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर चिंता होती. ती कशाची हे मला माहीत होतं. भाऊंचा पाय फारच लहान होता.

पुढे दोनेक वर्षांनी शिवरात्रीच्या जत्रेसाठी मी मोटारसायकल काढून चामोर्शीला गेलो. भाऊंच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं होतं, तेही बघायचं होतं. छपरीत पाऊल टाकलं तर हिरवी पट्टी बांधलेले भाऊ खाटेवर, आणि त्यांच्या पायथ्याशी तिशीचा एक दणकट माणूस बसलेला. कोण ते मला सांगावं लागलं नाही. नाक बाईंचं होतं.

"डॉक्टर आले," भाऊ म्हणाले. "हे आमचे बाबू. कालच आले. परवा चालले."

बाई आतून चहा घेऊन आल्या. मला दिला, भाऊंना दिला, तिसरा कप भाऊंच्याच जवळ ठेवला आणि म्हणाल्या, "त्याले म्हना, निवून राह्यला." मुलगा म्हणाला, "बाबा, घेतो म्हना." दोन हातांच्या अंतरावर बसून मायलेक भाऊंच्या मार्फत बोलत होते. एका डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसाला केवढं ते काम.

जत्रेला निघायची वेळ झाली. बाई उठल्या. भिंतीवरून त्यांनी ते काळे बूट काढले, उंबऱ्यावर आपटले आणि मुलाच्या पायांजवळ ठेवले. पहिल्यांदाच सरळ त्याच्याशी बोलल्या.

"हे घाल. तुहेच हाय."

त्याने पाय घातला. पाय जाईना. दोऱ्या पूर्ण सैल केल्या, टाच दाबली, तरी जाईना. रोज बारा बारा तास उभं राहून त्याचे पाय रुंद झाले होते. बाई खाली वाकून बघत होत्या. पोराचा पाय बदलला असेल हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मला तिथं बसवेना.

मुलाने बूट हातात घेतला आणि उलटा केला. तळवा झिजलेला होता.

"मी तं नवे ठेऊन गेलतो. कोनं घातले?"

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं, तर भाऊच म्हणाले, "डॉक्टरनं घातले. तुह्या आईनं घालाले लावले. महिन्या-महिन्याले. नाईतं तिच्याच कायद्यानं मारबतीत गेले असते न. डॉक्टर गेल्यावर मी घालत होतो, हिच्या चोरून, पेपर कोंबून. दोनदा पडलो."

"तुमी?" बाई भाऊंकडे वळल्या. "जोडा आतून दबलेला दिसे, मारबतीले तेच चालू धरलं; मी म्हटलं, मांजर बसत असन त्याच्यात. म्हनूनच केसं नाई निघाले कदी."

मी हसलो, पण मुलगा हसला नाही. तो बुटाच्या तळव्यावरून अंगठा फिरवत होता. फिरवता फिरवता हळूच म्हणाला, "मंग माहे पळाचे बूट काऊन टाकले आई? त्याच्यातही घालाचा होता कोनाचा तरी पाय."

बाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"चुकली मी," त्या म्हणाल्या. "मले वाटे, तू त्याईच्याकडे पाहून पाहून झुरून राह्यला. म्हटलं, डोळ्यासमोरून गेले का झालं. तुले इचाराले पायजे होतं. नाई इचारलं. चुकली मी, बाबू."

मुलाने निवलेला चहा उचलला आणि एका घोटात संपवला. काळे बूट बाईंनी माझ्या हातात दिले. "घ्या डॉक्टर, तुमच्याच पायाचे झाले आता." मी ते पुढे पार फाटेपर्यंत घातले.

आम्ही सगळे ऑटोने मार्कंड्याला गेलो. दर्शन झालं. वैनगंगेकडे उतरणाऱ्या वाटेवर चपला-बुटांची दुकानं लागतात, दोऱ्यांवर माळा केल्यासारखी टांगलेली. बाई एका दुकानासमोर थांबल्या.

"बाबू, पाय दे."

दुकानदाराने माप घेतलं. बाईंनी ते स्वतः वाकून पाहिलं, पंजाची रुंदी बोटांनी दाबून पाहिली, जणू तो पाय त्या पहिल्यांदाच बघत होत्या. तपकिरी रंगाचे जाड तळव्याचे सँडल निघाले. बसले. मुलाने चार पावलं टाकून दाखवली.

"अजून घे," बाई म्हणाल्या.

भाऊंनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

"घे न बापा. जितके पायजेत तितके घे."

"एक बस हाय, आई." 'आई' म्हणताना तो जरा अडखळला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तिला बरं वाटावं म्हणूनच असेल, तो म्हणाला, "हे मी घरीच ठेवून जातो. टांगून ठेवजो भिंतीवर. आलो का घालीन."

दुकानदार डबा शोधायला वळला होता. बाईंनी त्याला हाताने थांबवलं.

"नाई," त्या मुलाला म्हणाल्या. "इथी नको ठेवू. घालून जा, अन् घालूनच घरी ये."